डबा बाळाचा, ताट कुणाचं?

(बचत गटांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



सकाळपासून पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, पिशवी काढण्याची ऑपरेशनं अशा विषयांवर आपण मोकळेपणानं बोललो. मला आता बोलायचं आहे ते तेलाबद्दल. तेलात असणाऱ्या स्निग्ध आम्लांबद्दल, आणि ती ज्या डब्यांतून व कॅप्सूलमधून आपल्याला विकली जातात त्या बाजाराबद्दल. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली काही वर्षं वस्त्यांमध्ये बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. म्हणून या विषयाकडे मी स्वयंपाकघराच्या आणि गटाच्या वहीच्या बाजूनं पाहते.

गटाच्या कर्जाच्या वहीत 'कारण' असा एक रकाना असतो. बियाणं, मुलाची फी, दवाखाना, शेळी, घराचा पत्रा ही त्यातली नेहमीची कारणं. अलीकडे त्यात एक नवं कारण दिसू लागलं आहे : 'पावडर'. आमच्या एका गटातल्या सातव्या महिन्यातल्या मैत्रिणीनं पंधराशे रुपये उचलले. त्यातून एक डबा आला आणि कॅप्सूलची दोन पाकिटं आली. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र, आणि मोठ्या अक्षरांत 'डीएचए'. मी विचारलं, "हे कशासाठी गं?" ती म्हणाली, "ताई, बाळाचा मेंदू याच्यावर होतो म्हणे." तिचं हिमोग्लोबिन होतं साडेआठ. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या फळीवर तशाच पडलेल्या होत्या. त्या कडू लागतात, पोट बिघडतं, शिवाय फुकटच्या गोळ्यांत काय दम असणार, असं घरातल्यांचं मत.

हा सगळा प्रश्न या एका फळीवर मांडलेला आहे असं मला वाटतं. कर्ज काढून आणलेला डबा पुढे आणि जिची खरी गरज आहे ती गोळी मागे, हे कसं घडलं? त्या बाईला अक्कल नाही म्हणून घडलं, असं म्हणणं सोपं आहे. पण ते खरं नाही. तिला आपल्या बाळाचं भलं करायचं आहे, आणि भलं करण्याची एकच वाट तिला कुणीतरी दाखवली आहे. ती वाट दुकानात जाते.

आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू. डबा सरसकट खोटा आहे, असंही म्हणून चालणार नाही.

अमेरिकेत जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या नवराबायकोनं १९२९ साली एक शोध मांडला. उंदरांना त्यांनी सगळं खायला दिलं, फक्त स्निग्ध पदार्थ पूर्ण काढून टाकले. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, पुढे ते दगावू लागले. थोडी विशिष्ट स्निग्ध आम्लं दिल्यावर ते सुधारले. तोवर तेलतूप म्हणजे नुसती शक्ती, एवढाच समज होता. या प्रयोगांवरून कळलं की काही स्निग्ध आम्लं शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांना 'आवश्यक स्निग्ध आम्लं' हे नाव पडलं. अशी मुख्य दोन आहेत. एक लिनोलेइक आम्ल, ते ओमेगा-६ घराण्यातलं. दुसरं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ते ओमेगा-३ घराण्यातलं. शोधनिबंधावर मिल्ड्रेडचंही नाव आहे, हे आपण बायकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

डीएचए हे याच ओमेगा-३ घराण्यातलं. मेंदूतला पाण्याचा भाग वगळला तर उरलेल्यात निम्म्याहून अधिक स्निग्ध द्रव्यं असतात. डीएचए मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात भरपूर असतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि नंतरची दोन वर्षं बाळाचा मेंदू झपाट्यानं वाढतो, तेव्हा ते साठत जातं. आईच्या दुधातही ते असतं. इथपर्यंत डब्यावरचा मजकूर बरोबर आहे.

पण मेंदूत डीएचए असतं, म्हणून आईनं वरून डीएचए खाल्लं की मूल हुशार होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. भिंतीत विटा असतात म्हणून अंगणात आणखी विटा आणून टाकल्या, तर घर मोठं होत नाही. हे तपासण्यासाठी ऑस्ट्रेलियात सुमारे २,४०० गरोदर बायकांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना रोज ८०० मिलिग्रॅम डीएचएची कॅप्सूल, निम्म्यांना साध्या तेलाची. २०१० साली निष्कर्ष आले. दीड वर्षाच्या मुलांच्या बुद्धीच्या आणि भाषेच्या वाढीत सरासरीनं फरक नव्हता. पुढे चार वर्षांची आणि सात वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हाही बुद्धीत फायदा दिसला नाही. आणखी एक गोष्ट त्यात तपासली होती, बाळंतिणीची उदासी. तीही कॅप्सूलनं कमी झाली नाही.

आता कुणी म्हणेल, त्या बायका खात्यापित्या घरच्या, मासे खाणाऱ्या. आपल्याकडे वेगळं असेल. प्रश्न रास्त आहे. म्हणून आपल्या शेजारच्या बेळगावात झालेला अभ्यास महत्त्वाचा. तिथे साडेनऊशेहून अधिक गरोदर बायकांत निम्म्यांना रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए दिलं. बाळं वर्षाची झाल्यावर त्यांच्या वाढीची चाचणी घेतली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांतल्या बाळांत दखल घेण्यासारखा फरक नाही.

एका बाबतीत मात्र ओमेगा-३ च्या बाजूनं पुरावा आहे आणि तोही मी तुमच्यापुढे ठेवते. २०१८ साली सत्तर अभ्यास एकत्र करून, सुमारे वीस हजार बायकांच्या माहितीवरून एक आढावा निघाला. चौतीस आठवड्यांच्या आत होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण हजारात ४६ वरून २७ पर्यंत खाली आलेलं त्यात दिसलं. ही लहान गोष्ट नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या आणखी एका मोठ्या अभ्यासात सरसकट सगळ्या बायकांना असा फायदा दिसला नाही. ज्यांच्या शरीरात मुळात ओमेगा-३ कमी होतं त्यांना तो होण्याची शक्यता दिसली. म्हणजे ज्यांच्या पोटात हे स्निग्ध आम्ल फारसं जातच नाही, त्यांच्या आहाराकडे लक्ष द्यायला हवं. डब्यावर मात्र हे लिहिलेलं नसतं. तिथे बाळाची हुशारी विकली जाते, कारण हुशारी चांगली खपते.

आता फळीवरच्या मागच्या गोळीकडे वळू. तिचा इतिहास आपल्या मुंबईचा आहे. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक गंभीर रक्तक्षय होत असे, त्यात अनेकींचे जीव जात. त्याचं कारण त्या शोधत होत्या. कुठल्या जंतूचा दोष आहे का हे त्यांनी पाहिलं, आणि या बायका खातात काय हेही पाहिलं. शेवटी यीस्टच्या अर्कानं, बाजारात 'मार्माइट' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पदार्थानं, हा रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी दाखवलं आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केलं. अर्कातल्या त्या द्रव्याला 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं, आणि पानावरूनच त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळालं. गर्भ राहिल्यापासूनच्या पहिल्या चार आठवड्यांत बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मिटते. ती नीट मिटायला फोलिक आम्ल लागतं, हे १९९१ च्या अभ्यासानं पक्कं झालं.

म्हणजे बाळाच्या मेंदूसाठी खरोखर काम करणारी गोळी शोधण्यात परळच्या गिरणी कामगार बायकांच्या शरीरांचा वाटा आहे. ती गोळी आज उपकेंद्रात फुकट मिळते. पहिल्या तीन महिन्यांत फोलिक आम्ल. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. ती १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. जोडीला कॅल्शियम. मीठ आयोडीनयुक्तच घ्यायचं, कारण आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो, आणि तो टाळायला चिमूटभर मीठ पुरतं.

आणि परिस्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. महाराष्ट्रात आधीच्या सर्वेक्षणात ४८ टक्के बायका अशा होत्या, त्या आता ५४ टक्के झाल्या. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या बायका देशात फक्त २६ टक्के.

गोळी का घेतली जात नाही, हे आपण वस्तीत विचारलं पाहिजे, आणि बाईला न रागावता विचारलं पाहिजे. मळमळ होते, शौचाला काळं होतं, घट्ट होतं. "बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल", "बाळ काळं होईल" असं घरातल्या वडीलधाऱ्या सांगतात. त्यावर धाक दाखवून उपयोग नाही, उपाय सांगावे लागतात. शौचाचा काळा रंग लोहाचाच, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर, रात्री झोपताना घ्यावी. चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये, मध्ये तास-दोन तास जाऊ द्यावेत. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगलं शोषलं जातं. आणि एक महत्त्वाचं : विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्या बायका आहेत. त्यांनी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. म्हणून तपासणी आधी.

मग तेलाचं काय? आवश्यक स्निग्ध आम्लं अन्नातूनच यायला हवीत, असं आपण म्हटलं. ती कुठून मिळवायची? ओमेगा-६ आपल्याला तेलातून भरपूर मिळतं. कमी पडतं ते ओमेगा-३. शेंगदाणा, करडई आणि सूर्यफूल यांच्या तेलात ते जवळजवळ नसतं. सोयाबीनच्या तेलात थोडं असतं, मोहरीच्या तेलात त्याहून जरा जास्त. आणि आपल्या मातीतला त्याचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे जवस. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. एक मोठा चमचा जवसाच्या कुटात ते साधारण दीड ग्रॅम मिळतं. शरीर त्यातून डीएचए तयार करतं. फार नाही, थोडंच. पण पुरुषांपेक्षा तरुण बायकांच्या शरीरात ते जास्त प्रमाणात तयार होतं असं आढळलं आहे.

विदर्भात धानाच्या बांधीत, धान कापायच्या आधी लाखोरी आणि जवस फेकून पेरायची रीत आहे. मराठवाड्यातही घरोघरी जवस असे. सोयाबीन आलं तसा जवसाचा पेरा आटला, आणि ताटातली चटणीही गेली. आता तोच जवस शहरात पाकिटात भरून 'फ्लॅक्स सीड' म्हणून चढ्या भावानं मिळतो! किराणा दुकानात सुटा जवस अजूनही परवडतो. मंद आचेवर भाजावा, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून कुटावा. अख्खा दाणा न पचता तसाच बाहेर पडतो, म्हणून कुटणं आवश्यक. कूट लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरताच करावा. गरोदर बाईनं चटणीच्या प्रमाणातच खावा, वाट्या भरभरून नाही. कारळ्याची चटणीही चांगली, तिच्यात लोह आहे. पण कारळ्यात ओमेगा-३ नसतं, तेव्हा तिला जवसाच्या जागी धरू नये.

ज्या घरांत मासे चालतात तिथे बांगडा आणि तारली हे स्वस्तातले, तेलकट मासे. त्यांत तयार डीएचए असतं. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. अंड्यातही थोडं असतं. आणि ज्या बायका मासे, अंडी, मटण काहीच खात नाहीत त्यांना ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. हातापायाला मुंग्या येणं, विसरणं, सततचा थकवा अशी लक्षणं असतील तर रक्त तपासून घ्यावं. खरी कमतरता निघाली तर गोळी घ्यायलाच हवी. माझा विरोध गोळीला नाही. तपासल्याशिवाय, भीती घालून विकलेल्या गोळीला आहे.

मात्र चटणी सांगून मी थांबले, तर मीही अर्धंच सांगितलं असं होईल. कारण बाजारात मासळी येते, पण बांगड्याचा मधला तुकडा कुणाच्या ताटात जातो? अंडी तीन असली आणि माणसं पाच, तर कोण म्हणतं "मला नको, मला वास येतो"? सगळ्यांचं झाल्यावर बाई जेवायला बसते, तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, फोडी नसतात. म्हणूनच तो डबा घरात सहज येतो. डबा आणला की गरोदर सुनेची काळजी घेतल्याचं समाधान घराला मिळतं आणि ताटाची वाटणी आहे तशीच राहते. डब्यावर बाळाचं चित्र असतं, बाईचं नसतं. तिच्या थकव्यासाठी, तिच्या डोक्यावरच्या ओझ्यासाठी कुणी कर्ज काढत नाही. पोटात बाळ असेपर्यंत तिच्या खाण्याला किंमत, नंतर पुन्हा उरलंसुरलं. बाळंतिणीची उदासी कॅप्सूलनं गेली नाही, हे मघाशी सांगितलं. तिला झोप लागते, हाताशी माणूस लागतं, बोलायला कुणी लागतं. हे डब्यात भरता येत नाही.

आणि कायदा? हे डबे बहुतेक अन्न म्हणून विकले जातात, औषध म्हणून नाही. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं बंधनकारक आहे. शोधून पाहा, बारीक इंग्रजी अक्षरांत सापडेल. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते; पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल तर आपण साखरेचे पैसे मोजतो आहोत हे ओळखावं. लहान बाळांच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आली, त्यामागे डॉक्टरांनी आणि ग्राहक कार्यकर्त्यांनी केलेली झुंज होती. गरोदर आईच्या पावडरीला मात्र तो कायदा लागू नाही. बाळाच्या नावानं भीती घालण्याची वाट तिथे उघडी आहे.

तेव्हा गटांपुढे मी चार कामं ठेवते. एक, पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातला डबा, पाकीट घेऊन यावं आणि सगळ्यांनी मिळून त्यावरचं वाचावं : प्रथिनं किती, लोह किती, साखर किती, किंमत किती. शेजारी तेवढ्याच पैशांचे शेंगदाणे, अंडी, डाळ, जवस मांडावेत. दोन, आशाताईंना बरोबर घेऊन गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं हिमोग्लोबिन किती आणि गोळ्या पोटात गेल्या किती, याची यादी करावी. उपकेंद्रात गोळ्या नसतील तर ग्रामसभेत विचारावं. तीन, हक्काचं मागावं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान ६,००० रुपये मातृत्व लाभ म्हटला आहे. केंद्राच्या योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण देण्याची तरतूद आहे. ते जेवण खरंच शिजतं का, त्यात अंडं पडतं का, हे पाहणं आपलं काम. चार, आणि हे सगळ्यात अवघड : महिनाभर सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, किंवा निदान बाईचं ताट आधी वाढून बाजूला ठेवायचं. घरात काय काय बोलणी झाली, ते पुढच्या बैठकीत सांगायचं.

वहीतल्या त्या मैत्रिणीचं सांगायचं तर, आशाताई आणि मी तिच्या सासूबाईंशी बोललो. पंधराशे रुपयांची परतफेड अजून चालू आहे, ती व्हायचीच. पण लाल गोळ्या फळीवरून खाली आल्या, आणि रोज रात्री आठवण करून देण्याचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. महिन्यानं हिमोग्लोबिन साडेनऊ झालं. अजून अकरापर्यंत जायचं आहे.

आता तुमचे प्रश्न विचारा. जवसाची चटणी मी करून आणली आहे, भाकरीबरोबर ती सगळ्यांना मिळेल. आणि आज वाढायला पुरुष कार्यकर्ते आहेत, तेव्हा पहिल्या पंगतीला आपण बसायचं आहे.